नाथाचा लेप

मिरजेच्या दवाखान्यात मी देवाशी नुसती भांडत होते. आमचे हे उंब्रजजवळच्या गावात भैरवनाथाचे गुरव, आणि त्यांच्याच मणक्यात गाठ निघावी? पाय बधिर होत चालले होते. डॉक्टर म्हणाले, "गाठीसकट सडलेला मणका काढू, पोकळीत हाडांचं सिमेंट भरू, वर स्टीलच्या सळईचा आधार देऊ. उशीर केलात तर पाय कायमचे जातील." सत्तरच्या दशकात हे आमच्याकडं नवलाचंच. ह्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. म्हणे, खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, मग सिमेंट-लोखंड भरलेला गुरव गाभाऱ्यात कसा चालेल?

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. व्हरांड्यात येरझाऱ्या घालायच्या, आत येऊन त्यांच्या पायाला चिमटा काढून 'कळतंय का?' विचारायचं, त्यांनी 'न्हाई' म्हणून मान हलवली की पुन्हा बाहेर. "आवं, पूजा कराया आधी हुबं तर ऱ्हायला पायजे!" मी ओरडले. शेवटी मीच थकले. मनात म्हटलं, नाथा, मला काही सुचत नाही, आता तूच बघ.

शेजारच्या खाटेवर जतकडचा एक धनगर होता. त्याची म्हातारी आई सगळं ऐकत होती. ती उठून ह्यांच्यापाशी आली. "आवं गुरव, आमी मेंढरं घिऊन तुमच्या गावात उतरलो व्हतो, तवा तुमच्या नाथाच्या तडकलेल्या हाताला लेप दिला न्हवं? आमी तितंच जेवलो. मग द्येव बाटला व्हय?"

हे तिच्याकडं बघतच राहिले. अभिषेकानं झिजून तडकलेल्या मूर्तीला वज्रलेप करवून घेणारे, गावजेवण घालणारे हेच! "रोज त्या लेपावरच पाणी घालतूय की गं मी," म्हणाले आणि ढसाढसा रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "डाक्टरास्नी बोलीव."

ऑपरेशननंतर पायाचा अंगठा हलला, तेव्हा मी म्हातारीच्या गळ्यातच पडले. "येडी का काय, म्या काय केलं?" ती म्हणाली. कुणी योगायोग म्हणेल, म्हणो बापडे. तिच्या तोंडून कोण बोललं ते मला ठाऊक आहे.

हे काठी टेकत पुन्हा गाभाऱ्यात जाऊ लागले. पाठ मात्र वाकत नाही. पहिल्याच दिवशी, देवापुढं ताठ कसं उभं राहायचं, म्हणून उंबऱ्यातच अडले. मी म्हटलं, "तुमी हात जोडा, वाकायचं मी बघते." तेव्हापासून मी दोनदा वाकते. पहिला नमस्कार ह्यांचा. दुसऱ्या वेळी मागायला काहीच सुचत नाही, नुसतं डोकं टेकवून राहते.