चेंडू हातात नसलेला खेळाडू

"तीन यार्ड. फक्त तीन," ग्रेग लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट आपटत म्हणाला. "रिपोर्ट तुझाच आहे ना? मग विषय संपला. रविवारी टीजे बाहेर."

रिपोर्ट माझाच होता. म्हणून तर माझ्या नाकाला जास्त मिरच्या झोंबल्या.

मी संख्याशास्त्रज्ञ. मूळची नागपूरची, आता बरीच वर्षं लंडनच्या पिनर भागातली. लंडनमधल्या एका छोट्या कंपनीत खेळांच्या आकडेवारीचं काम करते. क्लबने आपल्या सामन्यांचा डेटा द्यायचा आणि आम्ही सांगायचं की टीम कुठे जिंकते आणि कुठे माती खाते. आमचे बहुतेक क्लायंट फुटबॉलवाले, म्हणजे पायाने खेळतात त्या फुटबॉलवाले. ग्रेग मात्र अमेरिकन फुटबॉलचा कोच. उत्तर लंडनमधला हौशी क्लब. हेल्मेट, खांद्यांवर पॅड, सगळा सरंजाम. पोरं आठवडाभर नोकऱ्या करतात आणि रविवारी एकमेकांवर आदळतात. इंग्लंडमध्येही हा खेळ चालतो, हे मला हा क्लायंट मिळेपर्यंत ठाऊक नव्हतं.

खेळाचं सूत्र सोपं आहे. चेंडू ज्या टीमकडे असतो तिला चार संधी मिळतात. एकेका संधीला डाऊन म्हणतात. चार डाऊनमध्ये मिळून दहा यार्ड पुढे सरकायचं. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी. दहा झाले की पुन्हा चार नव्या संधी. नाही झाले तर चेंडू समोरच्यांचा. असं सरकत सरकत मैदानाच्या टोकाची रेघ ओलांडली की सहा पॉइंट. चेंडू पोटाशी धरून त्या गर्दीत घुसायचं काम ज्याचं, तो रनिंग बॅक. ग्रेगकडे असे दोघं होते. कॅलम एका धावेत सरासरी सहा यार्ड काढायचा. टीजे तीन.

रविवारची मॅच सीझनची शेवटची होती. जिंकलो तर वरच्या डिव्हिजनमध्ये टिकणार, हरलो तर खाली. ग्रेगला धावायचं सगळं काम एकट्या कॅलमला द्यायचं होतं. टीजेच्या जागी तो लांबून फेकलेला चेंडू झेलणारा एक उंच गडी घेणार होता.

आकडे चूक नव्हते. पण घरी येताना ट्रेनमध्ये माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. तीन यार्ड कमी, हे खरं. पण हवे किती होते? शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी असताना कोणी एकच धाव काढली, तर आपण त्याचा स्ट्राइक रेट काढून त्याला नावं ठेवत नाही. आपण त्याला खांद्यावर घेतो. आणि मी, क्रिकेटवर वाढलेली बाई, नेमकं तेच न विचारता टीजेला सरासरीच्या रांगेत उभं केलं होतं.

पण इथेच माझं घोडं अडलं होतं. टीजे म्हणजे तेजस. लंडनमध्येच एजवेअरला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा, नीलाचा मुलगा. त्याला मी शाळेच्या ब्लेझरमध्ये पाहिलेलं. मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या ताटाभोवती घुटमळताना पाहिलेलं. आता तो एजवेअरलाच डोळे तपासायच्या क्लिनिकमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ही ओळख मी हेलनला, म्हणजे माझ्या बॉसला, काम हातात घेतानाच सांगून ठेवली होती.

त्या संध्याकाळी टीजेचाच फोन आला.

"मावशी, कोच बोलला मी संडेला नाही. इट्स फाइन, रिअली. पण तुम्ही माझा बाजू घेऊ नका, प्लीज. सगळे म्हणतील आंटीने सिलेक्ट केला."

"मी कोणाची बाजू घेत नसते. तुझी तर मुळीच नाही."

"ओके, गुड." मग जरा थांबून म्हणाला, "मी हा सीझननंतर सोडणार होतो एनीवे. आईला पण तेच पाहिजे. मला फक्त शेवटचा मॅच खेळायचा होता."

फोन ठेवला आणि मला भरून आलं. आकड्यांच्या माणसाने असं भरून येऊ देऊ नये, पण आलं. वर संतापही आला. माझ्या रिपोर्टच्या एका रकान्याने हा मुलगा बाहेर बसणार होता.

सकाळी मी हेलनसमोर सगळं मांडलं. ती कमी बोलते आणि थेट बोलते.

"तो तुझ्या ओळखीचा आहे. तेव्हा तुझं मत इथे चालणार नाही."

"मान्य आहे."

"ग्रेगचं चालेल. त्यालाच ठरवू दे. फक्त नावं काढून टाक."

मी खुर्चीतून उठलेच. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. औषध खरं की खोटं हे डॉक्टरला न सांगता पेशंट तपासायला लावतात, तसंच. पण कोचवर हा प्रयोग करायचं माझ्या डोक्यात आलं नसतं.

गुरुवारी प्रॅक्टिसच्या आधी मी क्लबहाऊसमध्ये हजर. ग्रेग चहाचा मग घेऊन समोर बसला. सीझनमधली दोन्ही रनिंग बॅकची प्रत्येक धाव मी परिस्थितीसकट काढून आणली होती. कोण धावलं ते कुठेच नव्हतं. त्याने फक्त सांगायचं, काम झालं की नाही झालं.

"पहिला डाऊन. दहा हवेत. दोन मिळाले."

"नाही झालं."

"तिसरा डाऊन. एक हवा. दोन मिळाले."

"झालं. हा काय प्रश्न आहे?"

"दुसरा डाऊन. दहा हवेत. एक मिळाला."

"काय कामाचा? नाही झालं."

पहिल्यांदा कुरकुरत होता, मग रंगात आला. माझं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायला लागला. शेवटी मी बेरीज केली. एक खेळाडू जवळजवळ तीन चतुर्थांश वेळा काम फत्ते करून आला होता. दुसरा निम्म्या वेळाही नाही.

"पहिला कॅलम," ग्रेग म्हणाला.

"पहिला टीजे."

मगात काही उरलेलं नव्हतं, तरी ग्रेगने तो तोंडाला लावला.

एक-दोन यार्ड हवे असतात आणि समोरची सगळी फौज अंगावर धावून येणार असते, तेव्हाच ग्रेग टीजेला चेंडू देत होता. तिथे तीन यार्ड म्हणजे भरून पावलं. कॅलमचं गणित उलटं. बऱ्याच धावा अडकलेल्या, आणि चार-पाच मात्र इतक्या लांब की सरासरी त्यांनीच फुगवून ठेवलेली.

पण ग्रेग कच्चा गडी नाही. "ठीक आहे," तो म्हणाला. "पण त्या चार-पाच लांब धावांनीच आम्हाला मॅचेस जिंकून दिल्यात. एका यार्डाचं काम मी दुसऱ्या कोणालाही देईन. लांब धाव मी कुठून आणू?"

खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. माझा चेहरा पडला.

"मॅचेसची फिल्म बघू या का?" मी विचारलं, निव्वळ वेळ काढायला.

हौशी क्लबची फिल्म म्हणजे कोणीतरी शिडीवर चढून काढलेली. हलते, वाऱ्याचा आवाज असतो, पण सगळं मैदान दिसतं. आम्ही कॅलमची सगळ्यात लांब धाव लावली. कॅलम सुसाट सुटलेला. ग्रेग खूश. दुसरी लावली. तिसरी लावली.

तिसरीला ग्रेग पुढे झुकला. "थांब. मागे घे."

मी मागे घेतलं.

"अजून मागे. हा कोण?"

कॅलमच्या पुढे दोन पावलांवर एक जण होता. चेंडू त्याच्याकडे नव्हताच. तो खाली वाकून समोरच्या सर्वात आडदांड माणसावर जाऊन आदळला आणि दोघं जमिनीवर. त्या दोघांच्या जागी भगदाड पडलं आणि त्यातून कॅलम निघून गेला. याला ब्लॉक म्हणतात. धावणाऱ्याला वाट करून देण्यासाठी दुसऱ्याला अडवणं.

"चौतीस नंबर," मी म्हणाले. "तुझाच चौतीस नंबर. टीजे."

पहिली धाव पुन्हा लावली. तोच. दुसरी. तोच. चेंडू कोणाकडे, किती यार्ड, कितवा डाऊन, मैदानात कोण कोण, हे सगळं माझ्याकडे होतं. टीममधल्या अकरांपैकी चेंडू ज्यांच्याकडे नाही ते दहा जण मैदानावर काय करतात, याचा रकानाच नव्हता.

मी तिथेच बसून डेटा नव्याने लावला. टीजे मैदानात असताना कॅलमच्या धावा एका बाजूला, नसताना दुसऱ्या बाजूला. टीजे नसताना कॅलमची सरासरी टीजेच्याही खाली गेली होती. म्हणजे ज्याच्या सरासरीपायी आम्ही टीजेला काढत होतो, त्या सरासरीत निम्मा वाटा टीजेचाच होता.

"एक सांगते," मी ग्रेगला म्हणाले, कारण सांगणं माझं काम आहे. "टीजे नसतानाच्या धावा फार थोड्या आहेत. हा योगायोगही असू शकतो."

"आकडे योगायोग असतील," ग्रेग म्हणाला. "मी आत्ता डोळ्यांनी पाहिलं तो नव्हता." आणि शिट्टी गळ्यात अडकवून बाहेर गेला. खिडकीतून मला दिसलं, त्याने टीजे आणि कॅलमला बाजूला घेतलं आणि एकामागे एक उभं केलं.

रविवारी नीला मैदानावर आली. मुलाच्या हाडांच्या काळजीने ती आजवर एकाही मॅचला फिरकली नव्हती. पण शेवटची म्हणून आली. माझ्या शेजारी फोल्डिंग खुर्ची टाकून, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन बसली. तो डबा शेवटपर्यंत उघडला नाही.

"अगं, तेजसकडे चेंडू का देत नाहीत?" तिने चौथ्यांदा विचारलं.

"देतील गं. बघ तू."

मॅच शेवटच्या मिनिटात आली. आम्ही चार पॉइंटनी मागे. रेघ फक्त एक यार्डावर, आणि डाऊन चौथा. इथे थांबलो तर डिव्हिजन गेली. पलीकडल्यांनाही ठाऊक होतं की एक यार्ड हवा असला की चेंडू चौतीस नंबरकडे जातो. त्यांची सगळी माणसं मधोमध दाटली. माझी पाचावर धारण बसली. हे चुकलं असतं तर दोष माझा होता, कारण ग्रेगला ही दिशा मीच दाखवली होती.

चेंडू निघाला. टीजे मान खाली घालून त्या भिंतीत घुसला आणि चार-पाच जण एकदम त्याच्यावर पडले. नीलाने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"पडला ना गं तो? चेंडू गेला का?"

"पडला," मी उभी राहून ओरडत होते. "पडला, आणि चेंडू त्याच्याकडे नव्हताच."

चेंडू कॅलमकडे होता. तो टीजेच्या मागून, त्या ढिगाऱ्याच्या कडेने, जवळजवळ चालतच रेघेपार गेला. लाउडस्पीकरवर कॅलमचं नाव दोनदा घेतलं गेलं. टीजेचं एकदाही नाही. कॅलमने मात्र चेंडू टाकला, मागे पळत आला, ढिगाऱ्यातून टीजेला ओढून काढलं आणि चेंडू त्याच्या हातात कोंबला. मला रडू आलं. नीला तर आधीपासूनच रडत होती, पण ती हाडांच्या काळजीने.

सोमवारी मी त्या शेवटच्या डाऊनची नोंद केली. जुन्या पद्धतीने पाहिलं तर टीजेच्या नावापुढे शून्य यार्ड येतात. मी ते शून्य तसंच ठेवलं आणि शेजारी नवा रकाना घातला. आता कोणत्याही खेळातला क्लायंट "याला काढू का?" असं विचारतो, तेव्हा मी त्याची सरासरी नंतर बघते. आधी बघते की तो नसला की बाकीच्यांचं काय होतं. ऑफिसमध्येही हे लागू पडतं, पण ते ऐकायला अजून कोणी आमच्याकडे क्लायंट म्हणून आलेलं नाही.

टीजेने पुढच्या सीझनसाठी पुन्हा नाव दिलंय. यामुळे नीला माझ्याशी बोलत नाही. तसं ती मला रोज फोन करून सांगते.