साळिंदराने न खाल्लेला भुईचाफा

आमच्या आगरातला भुईचाफा साळिंदराने खाल्ला नव्हता. तो मी कुजवला. एवढं वाक्य लिहायला मला साठ वर्षं लागली, आणि जिला ते सांगायला हवं होतं ती माझी वहिनी आता नाही.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट असेल. थोरला भाऊ मुंबईला नोकरीत होता, मसुऱ्याचं घर आणि पोफळींचं आगर माझ्याकडे. मी बाविशीचा. वहिनीचं माहेर घाटाच्या पायथ्याशी, रानाला लागून. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसात तिने आईच्या परसातले भुईचाफ्याचे कंद आणले आणि पोफळींच्या सावलीत, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर लावले. या झाडाची रीतच उलटी. कार्तिकात पानं वाळून जातात, मग जमिनीवर काही म्हणून दिसत नाही. आणि चैत्र-वैशाखात, पान फुटायच्या आधीच, मातीतून थेट फूल वर येतं. पांढरं, मध्ये जांभळं. दिवसभरात कोमेजतं, पण तेवढ्यात वास दारापर्यंत येतो. कुणाचा पाय पडू नये म्हणून वहिनी त्या जागेभोवती चिऱ्याचे तुकडे मांडून ठेवी.

त्या वर्षी मार्गशीर्षात तिच्या आईने अंथरूण धरलं. माहेरी निघताना ती मला म्हणाली, "भावोजी, त्या चिऱ्यांच्या आत पाणी सोडू नकात. ता निजलला आसा."

"निजांदे. मी काय तेका उठवक जातलंय?" मी हसलो.

पोफळींना पाणी सोडायचं काम माझं. पाट त्या चिऱ्यांना वळसा घालून जाई, आणि वळणावर रोज माती भरे, ती रोज उपसावी लागे. चार दिवसांत मला कंटाळा आला. मी दोन चिरे बाजूला केले आणि पाट सरळ आतून नेला. दोन महिने त्या निजलेल्या कंदांवरून पाणी वाहत राहिलं.

माघात, आईचे दिवस करून वहिनी परत येतेय असा निरोप आला, तेव्हा मी बोटाने माती उकरून पाहिली. कंद लिबलिबीत झाले होते, वास मारत होते. वाडीत त्या सुमारास साळिंदरं सुरण उकरून खात होती. मला तेच सुचलं. कुजलेले कंद काढून लांब टाकले, पाट जुन्या वळणावर नेला आणि त्या जागी खुरप्याने, साळिंदर उकरतं तसे, खड्डे पाडले.

वहिनी खड्ड्यांपाशी बसून राहिली. रडली नाही. "आवशीची तितकीच वस्त उरलली," म्हणाली. माहेरचं परस तिच्या भावाने नाचणीसाठी आधीच खणून काढलं होतं.

आमच्या शेजारी बंदूक बाळगणारे एक काका होते. त्यांनी हे मनावर घेतलं. आठवड्याभरात एका सकाळी ते मारलेलं साळिंदर घेऊन अंगणात उभे.

"सुनबाय, ह्यो बघ तुझो चोर! फुलां खाणारो साळिंदर मी जल्मात पयलोच बघतंय."

सगळे हसले. मीही हसलो. सोलताना कळलं की मादी होती, पोटात पिल्लू होतं. मटणाचा वाटा आमच्याकडे आला. वहिनीने तो रांधला, मला वाढला आणि स्वतः ताक-भात खाऊन उठली. मी सगळं ताट संपवलं.

साठ-बासष्ट सालच्या सुमारास घाटाखालच्या रानात लाकडासाठी गेलो होतो, तिथे करंजांच्या सावलीत भुईचाफा फुललेला दिसला. दोन कंद गळलेल्या पानांच्या ओल्या पातेऱ्यात गुंडाळून आणले आणि तिच्यापुढे ठेवले. तिने ते हातात घेतले, हुंगले, थोडा वेळ धरून ठेवले आणि मला परत दिले.

"नको, भावोजी. एकदा माझ्या फुलापायी गाभण जीव गेलो. परत साळिंदर इलो तर परत बंदूक येतली. माका ता पाप नको."

इतकी वर्षं ती ते पाप आपलं समजत होती, हे मला तेव्हा कळलं. एक वाक्य पुरलं असतं. साळिंदर आलंच नव्हतं, वयनी, एवढंच. मी "बरां" म्हटलं आणि कंद उचलून बाहेर गेलो.

पुढे शेजारणी तिला विचारत, एवढी सावली आहे, भुईचाफा का लावत नाहीस? ती म्हणे, "आमच्या आगराक ता सोसणा नाय." मी तिथेच कुठेतरी सुपाऱ्या सोलत बसलेला असे.

तिची मुलं अजून हसत सांगतात, आईच्या फुलासाठी साळिंदर मारलं म्हणून. त्यांनी हे वाचावं. तिने कुणाला मारायला लावलं नव्हतं.