दोरीवरचा सदरा

वैशाखातल्या एका सकाळी सुनंदावहिनींचा फोन आला. "भावोजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. अशोक माझा शाळेपासूनचा मित्र. कर्जतला चारफाट्याजवळ त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. तालुक्यातले वाढदिवस, निवडी, नियुक्त्या आणि मृत्यू बहुतेक त्याच्याच यंत्रातून बाहेर पडत. गेलेल्याच्या डोक्यामागे तेजोवलय आणि पायाशी डझनभर पुढारी, ही आमच्याकडची श्रद्धांजलीची रीत. अशोक ते निमूट छापायचा आणि मला दाखवायचा. "मास्तर, यातला मेलेला तेवढा गंभीर हाय बघ. बाकीचे वरातीला आल्यासारखे."

त्याची खरी श्रीमंती मात्र पलंगाखालच्या खोक्यात होती. त्याचे वडील भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते. तिथल्या एका साहेबांनी बदलीच्या वेळी इंग्रजी रॉकच्या तबकड्यांचं खोकं त्यांना दिलं आणि वाजवायचं यंत्र स्वतःबरोबर नेलं. त्यामुळे अशोकचं तारुण्य रॉक संगीत न ऐकता, नुसतं बघण्यात गेलं. क्वार्टरच्या ओट्यावर तो कव्हरं मांडून बसायचा. पाण्यात बुडालेल्या शेतात उभं एकटं दार. ढगातून तरंगत चाललेलं म्हशीएवढं वांगं. प्रत्येकाचा अर्थ त्याने लावलेला असे, आणि पटला नाही तर तो पुढच्या आठवड्यात दुसरा लावत असे. एक निकष मात्र कधी बदलला नाही: "गानाऱ्यानं वर सोताचं थोबाड छापलं, की समजायचं आत काय नाय." पुढे हौसेने एक जुनं यंत्र मिळवलं, एक तबकडी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाला, "चित्र बरं होतं." यंत्रावर मग कुंडी आली.

सगळ्यात लाडकं कव्हर चार कोटांचं. समुद्रकाठी दोरीवर चार कोट टांगलेले, माणूस एकही नाही. अशोकच्या मते त्या चौघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, फोटोला कुणीच आलं नाही, म्हणून फोटोवाल्याने कोटांनाच उभं केलं. ही गोष्ट त्याने मला इतक्यांदा सांगितली की मला त्यांचं भांडण कशावरून झालं तेही पाठ होतं. पुढे एका जुन्या परदेशी मासिकात मी खरी हकीकत वाचली. चौघं पावसात भिजले होते, कोट वाळत घातले होते, आणि फोटोवाल्याने वेळ जात नाही म्हणून बटण दाबलं होतं. मी ते विजयी मुद्रेने अशोकला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हंजे चौघं मिळून वाळायची वाट बघत होते. भांडनापरीस हे बरं हाय की रं."

तर असा हा माणूस गेला, आणि त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी असताना शेजारचा बाळाराम मोबाइलवर फ्लेक्सचा नमुना घेऊन आला. बाळाराम वॉर्डातला कार्यकर्ता. अशोकने कधी फोटो काढू दिला नव्हता, म्हणून त्याने आधार कार्डावरचा मोठा केला होता. त्यात अशोक फरार असल्यासारखा दिसत होता. मागे तेजोवलय, खाली पुढारी.

वहिनींनी बघितलं आणि मोबाइल परत दिला. "जन्मभर लोकांची तोंडं छापली त्यांनी. त्यांना तरी यात घालू नको, बाळा."

"वयनी, गावात सगळ्यांचा फ्लेक्स त्यानं लावला," बाळाराम म्हणाला. "त्याचाच नाय लागला तर आमी नाक्यावरून जायचं कसं?"

दोघांचंही खरं होतं. वहिनी उठून मागच्या दाराशी गेल्या. परसात दोरीवर अशोकचा आकाशी सदरा होता. सकाळी त्यांनी तो धुऊन वाळत घातला, तेव्हा तो अंगात घालणारा होता. वाळून कडक झाला तरी काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. मागे नुसती मोकळी, पेरणीआधीच्या भाजावळीने काळी झालेली शेतं.

"भावोजी, याचा फोटो काढा," वहिनी म्हणाल्या. "ते कोटांचं होतं ना, तसा."

त्याच्याच यंत्रावर तो फ्लेक्स छापला. सदरा, दोरी, शेतं, कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव. पुढारी नाही, तेजोवलय नाही. बाळारामने तो स्वतः शिडीवर चढून बांधला. नाक्यावर एक रिक्षावाला म्हणाला, "लाँड्री निघाली का कुठं?" बाळारामने त्याला उतरवून सगळं समजावलं. कोटांचं सांगताना मात्र त्याने भांडणाचीच गोष्ट सांगितली. मी दुरुस्त केली नाही.

तेराव्यानंतर फ्लेक्स उतरला. उतरलेले फ्लेक्स अशोक खालापूरच्या बाजूला डोंगराखालच्या ठाकरवाडीत नेऊन द्यायचा. पावसाआधी तिथे लाकडं, कुडाच्या भिंती झाकायला ते लागतात. छापील बाजू खाली घालायची, हा वाडीचा शिरस्ता. वर अनोळखी तोंडं कुणाला हवीत? या वेळी मी घेऊन गेलो, आणि परवा वाटेत होतो म्हणून पुन्हा डोकावलो. वाडीतल्या हिराबाईच्या लाकडांच्या रचीवर तो फ्लेक्स होता, चारी कोपऱ्यांना दगड, आणि चित्र वर. आकाशी सदरा उन्हात पसरलेला.

"हा उलटा नाही घातला?" मी विचारलं.

हिराबाईने माझ्याकडे, मग रचीकडे बघितलं. "सदरा हाय ना, दादा," ती म्हणाली. "त्याला ऊन नको?"