शांततेची सुपारी

जगात कुठंही, कुणाचंही युद्ध पेटलं की पहिली झळ नेरमधल्या आमच्या साळ्याला लागायची. बायकोचा धाकटा भाऊ, त्यामुळे धूर माझ्या घरात. सैन्यं अजून बूट शोधत असायची, तोवर याचं निषेधाचं गाणं तयार. गाणं म्हणजे रॅप. त्याच्या हिपहॉप बँडात तिघं होते: हा बोलायचा, दुसरा तोंडानं ढोल वाजवायचा आणि तिसरा प्रत्येक ओळीनंतर 'हाव ना' म्हणायचा. लोकांना तिसराच जास्त आवडे.

गडी एवढा अहिंसक, की कॅरममध्ये राणीला मारायची वेळ आली तर डाव सोडून उठे. पण माईक हाती आला की दिल्लीपासून अमेरिकेपर्यंत कुणाची गय नाही. त्या सालांत कापूस पार झोपला होता. सासरे करवादायचे, पऱ्हाटी वाळून राह्यली अन् हे पोट्टं परदेशातल्या तोफांवर बोंबलून राह्यलं! त्यावर हा शांतपणे म्हणे, "बाबा, पऱ्हाटी वाळली का पोट्टे भरतीच्या रांगेत लागते. तोफेपुढं मंग जाते कोण?" सासरे मग माझ्याकडे रागानं पाहत.

घोटाळा झाला पाटीमुळे. हे तिघं सराव करायचे त्या गॅरेजच्या भिंतीवर यानं मोठ्या अक्षरांत 'बँड' रंगवलं. आपल्याकडे बँड म्हणजे लग्नाचा. जवळच्या खेड्यातले एक गृहस्थ आले आणि पोराच्या वरातीची सुपारी हातावर ठेवून गेले. सुपारी म्हटल्यावर साळा हादरलाच. म्हणे, मी जन्मात कुणाची सुपारी घेतली नाही. पण लग्नाची सुपारी परत करणं अपशकुन. बायकोनं डोळे वटारले आणि याला सांभाळायला मलाही धाडलं.

तिथं गेल्यावर कळलं, नवरदेव फौजेत. वऱ्हाडी नाचायचं गाणं मागत होते, याला आपलंच येत होतं. केली सुरुवात:

टेबलावरती नकाशा, त्यावर चहाचा कप,
पोट्टं आमचं खंदकात, अन् सायेब म्हणे गप!

वरात थबकली. चुलते बाह्या सारू लागले. नवरदेव घोड्यावरून उतरला तसा मी जनरेटरच्या गाड्यामागं गेलो. उगाच नातं कशाला दाखवा? पण त्यानं हात उगारला नाही. साळ्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "भाऊ, बंद कर. मायनं आयकलं त मले जाऊ देणार नाई."

सुटी संपतच आली होती त्याची. अन् माय नेमकी मागं उभी. तिनं लेकाची बाही घट्ट धरली आणि साळ्याला म्हणाली, "तू म्हण बापू. पुरं म्हण."

साळ्यानं माईक खाली ठेवला आणि नुसत्या आवाजात म्हणू लागला. गाणं संपलं की तिला बाही सोडावी लागणार, हे त्याला कळलं असावं. शेवटच्या ओळीपाशी आला की तो पुन्हा पहिल्यापासून धरी. मांडवातून निरोपावर निरोप येत होते, मुहूर्त टळत होता, तरी कुणीच त्याला थांब म्हटलं नाही.