धर्मशाळेतली भुताची खोली

श्रीवर्धनची ती धर्मशाळा पेशवाईतली, आणि तिच्यातलं भूतही तितकंच जुनं, असं गावात सांगत. विहिरीत जीव दिलेली कुणी सवाष्ण कोपऱ्यातल्या खोलीत येते म्हणे. अवसेला उंबऱ्यावर तिच्यासाठी दहीभात ठेवत. सकाळी पान रिकामं असे, हा पुरावा.

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. मी शाळामास्तर, परीक्षांसाठी शाळा तपासणाऱ्या डिपोटीसाहेबांबरोबर हिंडत होतो. साहेब शाळाशाळांतून भोळ्या समजुतींवर व्याख्यान देत. मुक्कामाला मात्र त्यांनी विहिरीपासून सर्वांत लांबची खोली घेतली आणि दाराशी पट्टेवाला निजवला. "ओल बाधते," म्हणाले. मला कोपऱ्यातली उरली.

त्या खोलीत धर्मशाळा झाडणारी एक विधवा राहत असे. दुसरं कुणी तिथं पाऊल टाकत नाही, म्हणून पंचांनी तिला राहू दिलं होतं. तिनं निमूटपणे आपली वळकटी पडवीत नेली.

सकाळी पाणी देताना तिनं विचारलं, "मास्तर, काय दिसलं?"

"ढेकूण."

ती हसली नाही. "बाहेर तसं बोलू नका. पावलं वाजली म्हणा."

"खोटं कशाला बोलू, बाई?"

"तुमचं काय जातंय? ती हाय म्हणून मी हाय इथं."

मला ते कळलं होतं. कळलं नव्हतं असं आज म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण बुद्धिवादाची चार पुस्तकं नुकतीच वाचली होती, आणि साहेबांपेक्षा आपण धीट, हे गावाला समजायला हवं होतं. धर्मशाळेच्या शेरेबुकात मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'खोली कोरडी, हवेशीर. भूत नाही.' साहेबांनी वाचून मान डोलावली आणि माझ्या सहीच्या वर आपली सही ठोकली.

पुढल्या हिवाळ्यात गेलो तर खोलीला चुना लागला होता, आत पलंग आला होता. पंचांपैकी एक बागाईतदार कौतुकानं म्हणाले, "मास्तर, तुमच्यामुळं चांगली खोली मोकळी झाली. आता बड्या पाहुण्यांना देतो."

"आणि झाडणारी बाई?"

"तिला म्हटलं, भावाकडे जा. काही दिवस देवळाच्या ओसरीवर दिसायची. मग दिसली नाही."

"भाऊ आहे तिला?"

"असेल की. कुणीतरी असतंच माणसाला."

त्यांनी ती खोली माझ्यासाठी उघडली. नको म्हणायला हवं होतं. पण दिवसभर बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली होती, आणि गादी नवी होती. झोपलो. झोपही चांगली लागली.