वरचा बाण

सुमेधला दुपारची झोप लागतेय न लागतेय. रात्रपाळी करून आलाय. डोक्यावर पंखा घरघरतोय, आणि बघता बघता ती घरघर ऑफिसातल्या सर्व्हरची होते. समोर काळी स्क्रीन. शेजारच्या खुर्चीत त्याचा थोरला भाऊ, शशीदादा. मरून दोन महिने झालेत, आणि हा निवांत चहा भुरकतोय!

"सगळं परत काय टाइप करत बसतोस?" दादा म्हणतो. "वरचा बाण दाब. आधी दिलेली कमांड येईल. हवं ते बदल, एंटर मार. शिकवलं होतं ना गधड्या?"

"तू गप बस."

तरी सुमेध बाण दाबतो. कमांड येतच नाहीत, मागचे दिवस येतात. तेरावा. स्मशान. आणि मग एक ओळ, दादाच्याच तोंडची: ॲसिडिटी आहे, पडतो जरा.

सुमेधचं टाळकं सरकतं. "छातीत कळा येत होत्या आणि गोळी चघळत पडलास? मी पलीकडच्या खोलीत होतो! एक हाक मारली असतीस तर काय जीव गेला असता तुझा?"

"न मारताच गेला की," दादा हसतो.

"दात काढू नकोस! आई अजून तुझं ताट वाढते, माहितेय?"

दादाचं हसू विझतं. सुमेध 'ॲसिडिटी' खोडतो, सगळी ओळच खोडतो, तिथं दणादणा लिहितो: दवाखान्यात चल. एंटर.

आता दवाखान्याचा जिना आहे. की-बोर्ड सुमेधच्या मांडीवर. दादा मात्र सगळ्यात खालच्या पायरीवर, हलायला तयार नाही.

"ऊठ! बदलली मी ओळ."

"ती नवी ओळ झाली, सुम्या. जी चालून गेली ती मागं तशीच आहे. दाब बाण, बघ."

सुमेध दाबतो. आधी त्याची नवी ओळ. अजून एकदा दाबतो. ॲसिडिटी आहे, पडतो जरा. काना-मात्रेचाही फरक नाही.

तो की-बोर्ड जिन्यावरून भिरकावतो. खाली धावत जातो. ज्या निळ्या शर्टात दादाला शेवटचं नेलं, त्याच शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी धरतो आणि ओढतो.

"खड्ड्यात गेली ती ओळ! चल वर. चल म्हणतो ना!"

"सोड रे. शर्ट फाटेल."

"फाटू दे!"

उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते. सुमेध गादीवर उठून बसलाय, धापा टाकतोय. उजवी मूठ इतकी घट्ट मिटलीय की उघडायला डावा हात लावावा लागतो.

आत एक पांढरं बटण. त्याला तुटका निळा दोरा.

सुमेधच्या अंगात टी-शर्ट आहे.