पंख्यातलं कुंकू

ज्या दिवशी माझी पत्नी गेली, त्या दिवशी शाळेचा संगणक कक्ष उघडला नाही. किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

आम्ही दोघं अहमदपूरच्या एकाच शाळेत. मी ग्रंथालयात, ती संगणक कक्षात. तिथले बारा संगणक ती एकटी सांभाळायची. महिन्याभराने मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. चहा मागवला. मग म्हणाले, "सर, वाईट वाटून घेऊ नका. प्रमाणपत्रवाला माणूस नसला तर ती खोली पोषण आहाराच्या तांदळाला द्या, असं संस्था म्हणते."

"मी घेतो प्रमाणपत्र," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. "दिवाळीपर्यंत थांबतो," म्हणाले.

नांदेडला शनिवार-रविवारचा वर्ग होता, संगणक दुरुस्तीचा आणि देखभालीचा. वर्गात मी सगळ्यांत मोठा, शिकवणाऱ्या सरांपेक्षाही. माझ्या बाकावर इस्लापूरची एक मुलगी होती. मी पुस्तकातली आकृती दोनदा वाचून मगच स्क्रू ड्रायव्हर उचलायचो. ती म्हणायची, "काका, मशीन उघडून राहिले का पोथी?"

पण मशीन उघडलं की मला भान राहायचं नाही. रॅमची पट्टी खाचेत दाबली की दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज यायचा. मी स्वतः जोडलेला पहिला संगणक सुरू झाला, तेव्हा मी चक्क उभा राहिलो. सगळा वर्ग हसला, मीही हसलो. कित्येक दिवसांनी हसलो होतो. परतीच्या एसटीत मला वाटत राहिलं, हे सगळं तिला विचारता आलं असतं. ती पंधरा वर्षं हेच करत होती आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. तरीही पुढचा शनिवार कधी येतो असं व्हायचं. शुक्रवारी रात्रीच मी तिचा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि मऊ केसांचा ब्रश पिशवीत भरून ठेवायचो.

सरांचं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: आधी माणसाला विचारा, मग मशीनला हात लावा.

परीक्षा लातूरला होती. दसरा होऊन आठवडा झाला होता. प्रत्येकासमोर एक बिघडवलेला संगणक. तासाभरात चालू करून दाखवायचा. माझ्या संगणकातली एक वायर सैल होती. ती मी दहा मिनिटांत बसवली. संगणक सुरू झाला आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. परीक्षक जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मी तर तेवढी वायरच सैल केली होती."

डोळ्यांसमोर तांदळाची पोती आली. मग वहीचं पहिलं पान आठवलं.

"सर, हा आधी नीट चालायचा?"

"दसऱ्यापर्यंत एकदम मस्त."

"पूजा केली होती?"

"केली ना. सगळ्याच मशीनची."

मला आमचा कक्ष दिसला. दरवर्षी खंडेनवमीला मुलं संगणकांना हळदकुंकू लावायची, झेंडू वाहायची. दसऱ्यानंतर शाळा सुटल्यावर माझी पत्नी एकेक संगणक उघडून ब्रशने झाडायची. टॉर्च धरायला मी. माझ्या दुसऱ्या हातात पुस्तक असायचं, आणि ती दर पाच मिनिटांनी म्हणायची, "अहो, उजेड पुस्तकावर नको, इकडे."

मी प्लग काढला, झाकण उघडलं, आणि या वेळी उजेड जिथे हवा तिथे पाडला. प्रोसेसरवरच्या पंख्यात झेंडूची पाकळी अडकली होती. त्याखालच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये धूळ आणि कुंकू थापून बसलं होतं. पंखा फिरत नव्हता, म्हणून संगणक तापत होता आणि तापला की स्वतःला बंद करून घेत होता. मी पाकळी काढली, तिच्या ब्रशने पट्ट्या झाडल्या. टेबलावर लाल भुकटी पडली. संगणक सुरू केला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंखा फिरत राहिला.

परीक्षकांनी भुकटीकडे पाहिलं. "पूजा मीच केली होती," ते म्हणाले आणि कागदावर सही केली.

बाहेर आल्यावर इस्लापूरवाली म्हणाली, "काका, आमच्या मशीनमधी नुसता बिघाड निघाला. तुमच्यात तर देवीच निघाली!"

प्रमाणपत्र दिवाळीच्या आत आलं. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं आणि तांदूळ शिपायांच्या खोलीत ठेवायला सांगितला.

आता कक्ष रोज साडेदहाला उघडतो. बाराही संगणक चालतात. किल्ली माझ्या खिशात असते. दसऱ्यानंतर संगणक झाडताना टॉर्च धरायला कोणी नसतं. मी तो दातांत धरतो.